एसटीचा पास आणि सव्वानऊची गाडी

गावात सातवीपर्यंत शाळा आणि पुढची शाळा आठ-दहा किलोमीटरवर, अशी स्थिती आपल्याकडे हजारो वाड्या-वस्त्यांची आहे. अशा मुलांची एसटी हीच शाळेची गाडी. जूनमध्ये पासासाठी धावपळ होते, पास निघतो आणि घरच्यांना वाटतं, झालं काम. खरा प्रश्न पुढे असतो. गाडी शाळेच्या घंटेआधी पोहोचते का, आणि शाळा सुटल्यावर परतीची गाडी किती वेळाने मिळते? पोरगं शाळेत टिकणार की गळणार, आणि त्यातही पोरगी टिकणार की गळणार, हे बऱ्याच गावांत या दोन वेळांवर ठरतं. या वेळा बदलून घेता येतात. त्याची रीत ठरलेली आहे, पण ती पालकांपर्यंत पोहोचतच नाही.

आधी पासाचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तीन रुपयांतला एकच रुपया घरातून जातो. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास पूर्ण मोफत आहे. सवलतीचा भार राज्य सरकार उचलतं आणि ती रक्कम महामंडळाला देतं. त्यामुळे पासवाला मूल गाडीत चढलं म्हणजे एसटीवर उपकार झाले किंवा एसटीने उपकार केले, असं काही नाही. हे वाहकालाही माहीत असतं, पालकांनीही लक्षात ठेवावं.

कागद थोडेच लागतात: अर्ज, त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का, बोनाफाईड, आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. आधारवर गावाचं नाव एक आणि थांब्याचं नाव दुसरं, असं फार वेळा असतं. पासावर एसटीच्या यादीत आहे तेच थांब्याचं नाव लागतं. वस्ती फाट्यापासून दीड किलोमीटर आत असेल तर पास फाट्यापर्यंतचाच निघेल, म्हणून अर्जात थांबा फाट्याचाच लिहावा. दुसरी चूक मार्गाची. एकाच तालुक्याच्या गावाला दोन वाटांनी गाड्या जातात, पण पास ज्या मार्गाचा त्याच मार्गावर चालतो. सकाळची गाडी एका वाटेने आणि संध्याकाळची दुसऱ्या वाटेने येत असेल तर हे अर्ज भरतानाच खिडकीवर सांगा. नंतर वाहकाशी हुज्जत घालून उपयोग नसतो, त्याच्या हातात काही नसतं. पास साध्या गाडीचा असतो, तो घेऊन निमआराम किंवा शिवशाहीत चढू नये.

पास थेट शाळेत देण्याची मोहीम महामंडळाने अलीकडच्या वर्षांत सुरू केली. शाळेने विद्यार्थ्यांची यादी आगारात द्यायची आणि एसटीच्या कर्मचाऱ्यांनी शाळेत येऊन पास द्यायचे. फार चांगली गोष्ट आहे. पासाच्या रांगेत उभं राहण्यापायी मुलांचे आख्खे तास बुडायचे, कधी रांगेतच संध्याकाळची गाडी सुटायची. पण ही मोहीम चालते ती शाळेच्या यादीवर. यादी उशिरा गेली, थांब्यांची नावं चुकली, नवे प्रवेश राहिले, की तेवढी मुलं पुन्हा खिडकीवर. शाळेत एका शिक्षकाकडे किंवा शिपायाकडे हे काम पक्कं सोपवलेलं असलं की फरक पडतो. 'सगळ्यांनी मिळून बघू' असं ठरलं की कोणीच बघत नाही.

पासाची मुदत तारखेपासून तारखेपर्यंत असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळेच नूतनीकरणाला येतात, म्हणून पहिला पास मुद्दाम दहा-बारा तारखेपासून सुरू करावा, पुढे वर्षभर गर्दी टळते. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर नवा पास काढू नये. मुलगा पैसे भरतो आणि निम्मा पास सुट्टीत जिरतो. सुट्टीआधी मुदत संपत असेल तर मधले चार दिवस तिकीट काढून जाणं परवडतं. बारा वर्षांखालच्या मुलांना तर अर्धंच तिकीट असतं.

बारावीनंतरच्या मुलींनी एक हिशोब जरूर करावा. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. कॉलेज आठवड्यातून तीनच दिवस असेल तर अर्ध्या तिकिटात किती खर्च येतो आणि पासाला किती पडतात, ते शेजारी शेजारी मांडून बघा. रोज जाणारीला पासच स्वस्त पडतो. अधूनमधून जाणारीला पडेलच असं नाही.

आणि पास जपायचा कसा, हेही सांगतो, कारण पावसाळ्यात निम्मी भांडणं यावरूनच होतात. मुलं कागदी पासाची चौघडी करून कंपासपेटीच्या झाकणात ठेवतात. पंधरा दिवसांत घडी उलते, आणि ती उलते नेमकी तारखेवर. शिक्क्याची शाई ओलीने पसरते, फोटो सुटतो. वाहकाला तारीख वाचता आली नाही तर त्याने पास मानायचा कसा? वाटेत तिकीट तपासणारं पथक चढलं तर त्याच्यावरच येतं. पास घडी न घालता पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात, दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवावा. झेरॉक्स चालत नाही, पण एक घरी असावी, हरवल्यावर क्रमांक सांगायला कामी येते.

आता गाडीकडे येऊ.

एसटीची एक गाडी दिवसभर एकाच गावासाठी नसते. सकाळी ती तुमच्या गावाहून मुलं आणते, मग दुसऱ्याच मार्गावर जाते, दुपारी तिसरीकडे, संध्याकाळी पुन्हा तुमच्याकडे. चालक-वाहकाची कामगिरीही त्याच साखळीला बांधलेली असते. साखळीतली एक फेरी अडली की पुढच्या सगळ्या घसरतात. आगारात गाडी कमी पडली तर आधी कोणती फेरी रद्द होते? मुंबई-पुण्याच्या गाडीला आरक्षण झालेलं असतं, ती सोडावीच लागते. मग कात्री लागते ती गावाच्या फेरीला. त्या फेरीवर बसलेली चाळीस मुलं आगाराच्या कुठल्याच आरक्षणाच्या कागदावर नसतात. कोविडच्या आधी महामंडळाकडे १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या. नंतर जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या आणि त्या वेगाने नव्या आल्या नाहीत. त्याचा पहिला फटका या फेऱ्यांना बसला.

फेरी टिकते की बंद होते, हे आगारात भारमानावर बघतात. गाडीच्या क्षमतेच्या मानाने माणसं किती बसली, ते भारमान. आणि पासाचा खरा उपयोग इथे आहे, जो फारसा कोणी सांगत नाही: पास काढलेलं मूलच आगाराच्या कागदावर दिसतं. मोफत आहे म्हणून 'काढू नंतर' असं करत मुली पास काढत नाहीत, वाहक ओळखीचा म्हणून तो तशीच येऊ देतो, आणि वर्षाअखेरीस मार्गावर पास निघालेले दिसतात अकरा. प्रत्यक्षात मुलं असतात चाळीस. अशा मार्गाची फेरी बंद होते तेव्हा गाव आगारावर चिडतं. पण आगाराकडे त्या मुलांचा पुरावाच नसतो.

वडापचंही तसंच. खासगी प्रवासी जीपला कोल्हापूर-सांगलीकडे वडाप म्हणतात, मराठवाड्यात-विदर्भात काळीपिवळी. जीप एसटीच्या दहा मिनिटं आधी थांब्यावर येते. मोठी माणसं तिच्यात बसतात, एसटीत उरतात पासवाली मुलं. तिकिटाचं उत्पन्न पडतं, फेरी डबघाईला येते. एकदा एसटी बंद झाली की जीपवाला त्याच्या सवडीने येतो. बाजाराच्या दिवशी तो बाजाराकडे वळतो आणि मुलं रस्त्यावर उभी राहतात. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संप चालला तेव्हा एसटीवाचून काय होतं ते गावांनी बघितलंच आहे. ज्यांना परवडलं त्यांनी जीपचे पैसे मोजले, बाकीची मुलं चालत गेली किंवा घरी बसली. म्हणून मोठ्यांनाही सांगणं आहे, घाई नसेल त्या दिवशी शाळेच्या वेळेच्या एसटीत तिकीट काढून बसा. त्या तिकिटावर गावातल्या पोरींची गाडी चालते.

वेळ बदलून घ्यायची तर अर्ज कसा लिहायचा?

'सकाळची गाडी लवकर सोडावी, विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे' असे अर्ज आगारात ढिगाने पडलेले असतात. त्यावरून वाहतूक नियंत्रकाला काहीच करता येत नाही. अर्जात तक्ता हवा. प्रत्येक थांब्याचं नाव, तिथून किती मुलं आणि किती मुली, इयत्ता, शाळा कोणती, शाळा भरते किती वाजता, सुटते किती वाजता. मग सध्याची गाडी कोणती, ती थांब्यावर किती वाजता येते आणि ती किती वाजता यायला हवी. उदाहरणार्थ: 'सध्याची गाडी ९.४५ ला येते व शाळेच्या गावी १०.३५ ला पोहोचते. शाळा १०.३० ला भरते. हीच गाडी ९.१५ ला यावी.' एवढं नेमकं लिहिलं की समोरचा माणूस कामाला लागू शकतो.

नवी फेरी मागण्याआधी असलेल्या फेरीची वेळ सरकवून मागा. नव्या फेरीला गाडी लागते, चालक लागतो, वाहक लागतो, डिझेल लागतं. वेळ सरकवायला फक्त वेळापत्रक बदलावं लागतं. तेही सोपं नसतं, कारण गाडी तुमच्याकडे लवकर यायची तर तिची आधीची फेरी लवकर संपली पाहिजे. म्हणून अर्धा तास मागून पंधरा मिनिटांवर तडजोड करायची तयारी ठेवावी, आणि शाळेनेही दहा मिनिटं मागे-पुढे व्हायची तयारी दाखवावी. दोन शाळा एकाच मार्गावर असतील आणि एक पावणेपाचला, दुसरी सव्वापाचला सुटत असेल, तर दोघींनी आधी आपसात वेळ जुळवून मग एकच अर्ज द्यावा. दोन वेगळे अर्ज गेले की दोन्ही पडून राहतात.

अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे. प्रत विभाग नियंत्रक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नये. आठवड्याने जायचं ते तो क्रमांक घेऊनच. अर्ज एप्रिल-मेमध्ये द्यावा. शाळा जूनच्या मध्यावर भरतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिराने, आणि तोवर वेळापत्रक बसलेलं असतं. ऑगस्टमध्ये गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' हेच ऐकायला मिळतं.

शनिवार हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित दिवस. सोमवार ते शुक्रवार शाळा दहा-साडेदहाची, शनिवारी सकाळची, साडेसातच्या सुमाराची. गाडी मात्र शनिवारीही रोजच्याच वेळेला. मग वस्तीवरची मुलं शनिवारी येतच नाहीत. वर्षाचे तीस-पस्तीस शनिवार असे जातात, हजेरीपटावर ही मुलं 'अनियमित' ठरतात, आणि शनिवारीच होणारी कवायत, स्पर्धा, वाचनाचे तास यांतून कायमची वगळली जातात. जी मुक्कामी गाडीने कशीबशी येतात, त्यांची शाळा साडेअकराला सुटते आणि परतीची गाडी संध्याकाळी. सहा तास स्टँडवर. यावर सगळ्यात सोपा उपाय शाळेच्याच हातात आहे. एसटीने येणारी मुलं निम्म्याहून जास्त असतील तर शनिवारची वेळ गाडीला जुळवून ठेवावी, किंवा निदान परतीच्या गाडीपर्यंत वर्ग उघडा ठेवून एक शिक्षक थांबावा. आगाराकडच्या अर्जात शनिवारचा वेगळा रकाना टाकावा. तो रकाना नसेल तर आगारातल्या माणसाला सकाळच्या शाळेचा पत्ताही नसतो.

मुक्कामी गाडीवरून गावांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी गाडी मिळाली की सकाळच्या कॉलेजचा आणि शनिवारचा, दोन्ही प्रश्न सुटतात. पण ती गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा गावामुळेच. चालक-वाहक आठ-साडेआठला येतात, पहाटे पाचला उठतात. त्यांना निजायला खोली कुठे? ग्रामपंचायतीची जुनी खोली म्हणून जी दिली जाते तिच्यात दिवा नसतो, खिडकीला तावदान नसतं, कोपऱ्यात खताची पोती रचलेली असतात, संडास नसतो. ज्या माणसाच्या हातात सकाळी गावाची चाळीस पोरं द्यायची, त्याला रात्रभर डास मारत बसवायचं, हे बरोबर नाही. दोन खाटा, पंखा, दिवा, पाण्याचा माठ, संडास आणि आतून लागणारी कडी, एवढं ग्रामपंचायतीने केलं तर मुक्कामी गाडी वर्षानुवर्षं टिकते. गाडी उभी करायला उजेडाची जागा आणि वळवायला पुरेसं मोकळं मैदानही हवं. एसटी दहा-अकरा मीटर लांब असते. देवळापुढच्या चौकात ट्रॉल्या लावून ठेवल्या तर ती वळणार कुठे? मग चालक फाट्यावरूनच परत फिरतो.

पावसाळ्यात 'रस्ता खराब' असा शेरा येतो आणि गाडी फाट्यावर थांबते. खड्डे बुजले तरी गाडी आपोआप सुरू होत नाही. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे, बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद, त्यांचं 'वाहतुकीस योग्य' असं पत्र आगारात नेऊन द्यावं लागतं. गाव दिवाळीपर्यंत वाट बघत राहतं आणि पत्र कोणीच नेत नाही. दुसरं कारण बाभळीचं. रस्त्याच्या कडेच्या बाभळी पावसात झुकतात, फांद्या खिडक्यांवर घासतात, काटे आत येतात, आरसा फुटतो. एक दिवस कोयते घेऊन पाच माणसं लागली तर तीन किलोमीटरचा रस्ता मोकळा होतो. शाळा भरायच्या आधीच्या रविवारी हे करून टाकावं.

मुलींच्या बाबतीत सकाळपेक्षा संध्याकाळच्या गाडीला जास्त महत्त्व द्यावं. डिसेंबरात विदर्भात साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो, पश्चिमेकडे सहाच्या सुमारास. शाळा पाचला सुटते, गाडी साडेसहाला, गावात सव्वासात, फाट्यावरून वस्तीला आणखी वीस मिनिटं अंधारातून पायी. बाप दोन महिने सायकल घेऊन फाट्यावर येतो, तिसऱ्या महिन्यात ऊसतोडी किंवा कापसाची वेचणी सुरू होते, आणि मुलीची शाळा 'तात्पुरती' थांबते. हे कारण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीसाठी संध्याकाळच्या फेरीची वेळ वेगळी मागावी, आणि फाट्यावर ग्रामपंचायतीने एक दिवा लावावा.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळ्या गाड्या आहेत, सुरुवातीला तालुक्याला पाच, पुढे सात. तुमचा तालुका त्यात असेल तर गाडी कोणकोणत्या गावांवरून जाते ते पंचायत समितीत जाऊन बघा. मार्ग ठरून बरीच वर्षं झालेली असतात. मधल्या काळात एखाद्या गावच्या मुली कमी होतात आणि दुसऱ्या गावच्या वाढतात, पण गाडी जुन्याच वाटेने जात राहते. मार्ग बदलून मागण्यासाठी वर सांगितलेला तक्ताच चालतो. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना याच कार्यक्रमात सायकल मिळते, तिचाही अर्ज शाळेतूनच जातो.

दहावी-बारावीच्या परीक्षेचं वेगळं बघावं लागतं. पेपर अकराला असला तरी मुलांनी साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं असतं, आणि केंद्र बऱ्याचदा आपल्या शाळेत नसून दुसऱ्याच गावी असतं. रोजच्या पासाचा मार्ग तिथे जात असेलच असं नाही. हॉल तिकीट हाती येताच कोणत्या थांब्यावरून किती मुलं, कोणत्या केंद्राला, याची यादी वेळापत्रकासह आगारात द्यावी. पहिल्या पेपरच्या आदल्या आठवड्यात एकदा त्याच वेळेच्या गाडीने केंद्रापर्यंत जाऊन बघावं. पेपरच्या दिवशी नेहमीच्या गाडीच्या आधीची गाडी धरावी आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.

फेरी आली नाही तर काय करायचं? शाळेच्या फळ्याशेजारी एक वही टांगून ठेवा. तारीख, थांबा, गाडीची वेळ, आली किती वाजता, आली नाही तर 'नाही', किती मुलं राहिली. पाचवीतलं मूलही भरू शकेल इतकी साधी. महिन्याची पानं झेरॉक्स करून मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत आगारात द्यायची. तोंडी तक्रारीला 'एखाद-दुसऱ्या दिवशी होतं' असं उत्तर मिळतं. वहीत नऊ तारखा दिसल्या की ते उत्तर देता येत नाही. गाडी भरली म्हणून थांब्यावर न थांबता गेली, तर तेही वेगळं लिहा आणि गाडीचा क्रमांक टिपा. न थांबण्याचं कारण चालकाची मर्जी असेल तर उपाय वेगळा, गाडी खरोखरच आधीच्या थांब्यावर भरत असेल तर उपाय वेगळा. गाडी खरोखरच भरत असेल तर मागणी अशी करायची की आठवड्यातले दोन दिवस तरी फेरी मधल्या गावातून सुरू व्हावी.

स्टँडवरचं एकच सांगतो. मुलं गाडी फलाटाला लागायच्या आधीच तिच्यामागे धावतात, चालत्या गाडीच्या खिडकीतून दप्तर टाकून जागा धरतात. गाडी मागे घेताना चालकाला मागचं लहान मूल आरशात दिसत नाही. संध्याकाळच्या त्या पंधरा मिनिटांसाठी शाळेने पाळीपाळीने एक शिक्षक स्टँडवर पाठवावा. रांग लावून लहान मुलं आधी चढवली की सगळी बसतात, आणि वाहकही घंटी द्यायच्या आधी मागे वळून बघतो.